मामा, ऑफसेटला हात लावू नका!

भोसरीत एका छोट्या शॉपमध्ये मी क्वालिटी बघायचो तेव्हाची गोष्ट. सीएनसीवर, म्हणजे कम्प्युटरने चालणाऱ्या लेथवर, एक सीनियर ऑपरेटर होते, सगळे त्यांना मामाच म्हणायचे. जॉब म्हणजे २० मिमीचा शाफ्ट, ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे चालणारा फरक, अधिक-उणे २० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिमीचा हजारावा भाग). मामा प्रत्येक जॉब काढला की मायक्रोमीटर लावणार, ५ मायक्रॉन मोठा आला की ऑफसेट (मशीनमध्ये साईज कमीजास्त करायचा आकडा) ५ ने कमी, पुढचा ४ ने लहान आला की परत ४ ने जास्त, दिवसभर हेच. एवढी काळजी घेणारा माणूस आणि साईजची सगळ्यात जास्त धावपळ त्यांच्याच मशीनवर.

एकदा म्हटलं, मामा आज पन्नास जॉब ऑफसेटला हात न लावता काढा. रागावलेच ते. "मग रिजेक्शन तुम्ही घेणार का अंगावर?" पण काढले, आणि साईज चक्क जास्त जवळजवळ आल्या.

यात जादू काही नाही. चकची पकड, बेअरिंगचा किंचित खेळ, बारचा कडकपणा, मोजणाऱ्याचा हात, अशी पन्नास बारीक कारणं मिळून साईज थोडी इकडेतिकडे होतच असते, त्यातलं एकही कारण धरून दाखवता येत नाही. एखादा जॉब ५ ने मोठा आला तो निव्वळ योगायोग, पण तुम्ही त्यावर ऑफसेट ओढलात की तो योगायोग पुढच्या जॉबच्या गळ्यात पडतो, त्याचा स्वतःचा असतोच. गणित केलं तर प्रत्येक जॉबनंतर अशी दुरुस्ती करत राहिल्यावर पसारा १.४ पट होतो. मामांच्या मशीनचा मूळ सिग्मा (पसारा मोजायचं माप, जवळपास सगळे जॉब तीन सिग्माच्या आत येतात) होता ४ मायक्रॉन, म्हणजे जवळपास सगळे जॉब अधिक-उणे १२ मध्ये बसायला हवेत, ते या काळजीपायी १७ पर्यंत जायचे. टॉलरन्स २०!

हे दुखणं जुनं आहे. शिकागोजवळ वेस्टर्न इलेक्ट्रिकचा हॉथॉर्न वर्क्स होता, टेलिफोनची उपकरणं बनायची तिथे. त्या कंपनीत वॉल्टर शूहार्ट नावाचे भौतिकशास्त्रज्ञ होते, त्यांनी १६ मे १९२४ ला साहेबांना एक चिठ्ठी पाठवली, जेमतेम पानभर, त्यातली साधारण तृतीयांश जागा एका आकृतीनेच खाल्लेली. तोच पहिला कंट्रोल चार्ट. मध्ये सरासरीची रेष, वर एक हद्द, खाली एक हद्द, बिंदू आत आहे तोवर गप्प बसायचं, बाहेर गेला तर मात्र कारण शोधायचं कारण तिथे शोधण्यासारखं काहीतरी बहुतेक असतंच. पुढे अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ डेमिंगनी १९५० मध्ये जपानला जाऊन हेच शिकवलं. आणि खुद्द शूहार्टही १९४७-४८ मध्ये आपले संख्याशास्त्रज्ञ महालनोबिस यांच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेलेत, हे आपल्याकडे फार कुणाला माहीत नसतं.

चार्ट काढायला कम्प्युटर लागत नाही. दर तासाला सलग ५ जॉब मोजा, त्यांची सरासरी काढा (हाच चार्टवरचा बिंदू), आणि सगळ्यात मोठा वजा सगळ्यात छोटा म्हणजे रेंज. असे २०-२५ गट झाले की सरासरी रेंजला ०.५७७ ने गुणा (५ च्या गटासाठी हा आकडा टेबलमध्ये तयार असतो), मधल्या रेषेपासून तेवढं वर आणि तेवढं खाली, झाल्या हद्दी. आमची सरासरी रेंज ९.३ आली, म्हणजे हद्दी अधिक-उणे ५.४ मायक्रॉन. या हद्दी तीन सिग्माच्या, त्यामुळे प्रोसेस ठीक असताना खोटी बोंब उठते ती साधारण ३७० बिंदूंमागे एकदा. रेंजचा चार्ट वेगळा ठेवायचा, कारण सरासरी जागच्या जागी राहून पसारा वाढला तर तो पहिल्या चार्टवर चटकन दिसत नाही.

इथे सगळे अडखळतात. "ड्रॉइंगवर २० आहे मग तुमची हद्द ५.४ कशी काय?" अहो, २० हे गिऱ्हाइकाने सांगितलंय आणि ५.४ मशीनने स्वतः सांगितलंय, तेही पाचांच्या सरासरीबद्दल, आणि सरासरी एकट्या जॉबपेक्षा कमीच हलते. तरी लोक चार्टवर टॉलरन्सच्याच रेषा मारतात, मग बिंदू कधी बाहेर जातच नाही आणि सगळे खूश. उलटही होतं, बिंदू सगळे आत, प्रोसेस एकदम स्थिर, आणि रोज तेवढंच भंगार, कारण मशीनच तेवढ्याच लायकीचं.

बिंदू आत असूनही बोलतात. सलग आठ एकाच बाजूला पडले तर काहीतरी सरकलंय. हळूहळू वर चढत चालले तर बाहेरून टर्न करताना बहुतेक इन्सर्ट, म्हणजे कापणारी टिकली, झिजतोय. आणि माझं लाडकं लक्षण म्हणजे चार्ट फारच देखणा असणं! एका कंपनीत (नाव नको) ऑडिटच्या आदल्या दिवशी महिनाभराचा चार्ट बघितला, सगळे बिंदू मधल्या रेषेला चिकटलेले, तिन्ही शिफ्टचं अक्षर एक, पेन एक, आणि चहाचा डाग सुद्धा एकच, सलग चार पानांवर उतरलेला.

आमच्या मामांनी मात्र चार्ट मनावर घेतला. एका संध्याकाळी बिंदू ६.५ वर गेला. माझा हात सवयीने ऑफसेटकडे, मामा म्हणाले थांबा, आणि जॉब हातात घेतला. गरम. २० मिमीचं स्टील दर अंशाला पाव मायक्रॉनच्या आसपास फुगतं, २०-२५ अंशांनी गरम असेल तर ५-६ मायक्रॉन तिथेच आले. जॉब थंड ठेवणाऱ्या कूलंटचा नोझल बाजूला सरकला होता. ऑफसेट कमी केला असता तर जॉब थंड झाल्यावर सगळे लहान निघाले असते. मामांनी नोझल सरळ केला, जॉब थंड होऊ दिले, परत मोजले आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिलं, "नोझल सरकला होता. ऑफसेट तोच."