बाळंतीण कुत्रीचा तिसरा आठवडा

आपल्याकडे कुत्री व्याली की पोरं घरोघर फिरून पीठ, गूळ, तेल गोळा करायची आणि तिला शिरा करून घालायची. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत ही रीत अजून थोडी टिकून आहे. गेल्या डिसेंबरात पार्किंगमधल्या जिन्याखाली एक कुत्री व्याली, सहा पिल्लं. दुसऱ्याच दिवशी तिच्यासाठी तुपातला शिरा आला, बेदाण्यांसकट. बेदाणे मी वेचून काढले. द्राक्षं आणि बेदाण्यांनी कुत्र्यांची मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. शिऱ्याला माझी हरकत नव्हती, दमलेल्या आईला ताकद हवीच. माझा जीव लागला होता तो तिच्या तिसऱ्या आठवड्याकडे.

त्याला कारण आहे शेजारच्या काकूंची पॉमेरियन. तिला पाच पिल्लं झाली होती. अठराव्या दिवशी संध्याकाळी ती धापा टाकायला लागली, पिल्लांना जवळ येऊ देईना, तोंड पायांवर घासत राहिली. मग मागचे पाय ताठ झाले आणि अंग थरथरू लागलं. "थंडी भरलीये गं हिला," म्हणत काकूंनी शाल पांघरली. थर्मामीटर लावला तर १०५ अंश फॅरनहाइट! कुत्र्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ असतं. थंडी नव्हतीच ती. तिच्या रक्तातलं कॅल्शियम घसरलं होतं आणि आखडलेले स्नायू अंग तापवत होते.

पिल्लांचे डोळे दहा ते चौदा दिवसांत उघडतात, ती दुडुदुडु चालू लागतात आणि घरातले सगळे निर्धास्त होतात. नेमकं तेव्हाच आईचं दूध शिगेला पोचत असतं. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, पिल्लं किती आहेत त्यानुसार, तिला एरवीच्या दुप्पट ते चौपट आहार लागतो. कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या साधारण दुप्पट कॅल्शियम असतं, प्रथिनं आणि स्निग्धांशही दुपटीच्या आसपास. एवढं कॅल्शियम अन्नातून भागलं नाही, तर ते हाडांतून निघतं. रक्तातली पातळी उतरली की गळ्यातल्या पॅराथायरॉइड ग्रंथी संप्रेरक सोडतात; मग हाडं कॅल्शियम मोकळं करतात, आतडी जास्त शोषतात, मूत्रपिंडं जपून ठेवतात.

काकूंची चूक मायेपोटीच झाली होती. गाभण असताना त्यांनी रोज कॅल्शियमचं औषध दिलं होतं. बाहेरून आयतं मिळत राहिलं की या ग्रंथी सुस्तावतात आणि दुधाची मागणी अचानक वाढली की त्यांना वेळेवर जाग येत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय गाभण कुत्रीला कॅल्शियम देऊ नये, ते यासाठी. लहान जातीची कुत्री आणि भरपूर पिल्लं असतील तर धोका सगळ्यात जास्त.

गाय पाळणाऱ्यांना याचं भावंड माहीत असतं: दुग्धज्वर. पण दुग्धज्वरात गाय थंड, लुळी पडते. कुत्री मात्र ताठ होऊन तापते. कॅल्शियम घटलं की मज्जातंतू उगाचच पेटून उठू लागतात. गाईत तो संदेश मज्जातंतूकडून स्नायूपर्यंत पोचेनासा होतो, कुत्रीत पोचत राहतो. म्हणून एकच कमतरता, पण दोन उलटी रूपं.

अशी लक्षणं दिसली तर रात्र काढू नका, लगेच दवाखाना गाठा. झटके येत असताना तोंडात गोळी किंवा दूध घालू नका, ठसका लागून ते फुफ्फुसात जाईल. डॉक्टर शिरेतून कॅल्शियम देतात, तेही हृदयाचे ठोके ऐकत, अगदी सावकाश. घाई झाली तर हृदयच बिघडतं. काकूंची कुत्री तासाभरात शांत झाली. पिल्लांना एक दिवस वेगळं ठेवून पिल्लांसाठी मिळणारं तयार दूध बाटलीने पाजलं.

जिन्याखालच्या कुत्रीला आम्ही पिल्लांचं खाद्य भिजवून दिवसातून चारदा दिलं. नुसतं चिकन-भात पुरत नाही, कारण मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम नगण्य. पहिले दोन आठवडे पिल्लांना अंगाची ऊब स्वतः राखता येत नाही, त्यामुळे पुण्याच्या थंडीत ती जागची हलेना. वाटी आणि पाणी तिच्या तोंडाशीच ठेवावं लागलं, खाली गोणपाट.

रोज तिची आचळं हळूच चाचपायची. एखादं कडक, गरम, जांभळट वाटलं तर स्तनदाह समजून डॉक्टर. पिल्लांची नखं बोचतात, ती कापायची. आधी हिरवट आणि मग विटकरी स्राव काही आठवडे चालतो, त्याने घाबरायचं नाही. दुर्गंधी किंवा पू मात्र गर्भाशयाच्या संसर्गाची खूण. तापासाठी घरातली माणसांची गोळी कधीच नको. जंत आईच्या पोटातून आणि दुधातूनही पिल्लांत उतरतात, म्हणून दोन आठवड्यांनी पिल्लांना आणि तिला एकदमच जंतांचं औषध, डॉक्टरांना विचारून.

तिसरा आठवडा सुखरूप गेला. चौथ्यात पिल्लं ताटलीतलं चाटू लागली, तसा तिच्यावरचा भार उतरत गेला. आता ती दुपारी जिन्याच्या चौथ्या पायरीवर जाऊन झोपते. पिल्लांना दुसरीपर्यंतच चढता येतं.