लोह लपवणारं शरीर आणि लोह पळवणारे बॅक्टेरिया

२००९ मध्ये शिकागोतले एक प्राध्यापक प्लेगने गेले. चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे ते ज्या प्लेगच्या बॅक्टेरियावर काम करत होते तो दुबळा केलेला होता, लोह खेचून घ्यायची त्याची यंत्रणाच गायब होती, त्यामुळे तो निरुपद्रवी समजला जायचा. नंतर तपासणीत कळलं की त्यांना हिमोक्रोमॅटोसिस होता, म्हणजे शरीरात लोह साठत जाणारा आनुवंशिक आजार, आणि हे कुणालाच माहीत नव्हतं. जे लोह त्या बॅक्टेरियाला स्वतःहून मिळवता येत नव्हतं ते तिथे आयतंच मिळालं असावं, असा अंदाज आहे.

एरवी असं होत नाही. आपल्या शरीरात ३-४ ग्रॅम लोह असतं खरं, पण मोकळं जवळपास नाहीच. बहुतेक लाल पेशींतल्या हिमोग्लोबिनमध्ये, थोडं फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रोटीनमध्ये, आणि रक्तात फिरणारं ट्रान्सफेरिन नावाच्या प्रोटीनने धरून ठेवलेलं, त्यातही ट्रान्सफेरिन साधारण एक तृतीयांशच भरलेलं असतं म्हणजे सुटं लोह दिसलं रे दिसलं की पकडायला जागा तयारच. इन्फेक्शन झालं की लिव्हर हेप्सिडिन नावाचं हार्मोन सोडतं आणि रक्तातलं लोह अजून कमी होतं. (खूप दिवस चाललेल्या इन्फेक्शनमध्ये हिमोग्लोबिन उतरतं त्यामागे हेही एक कारण.)

आता बॅक्टेरियांना तर लोह हवंच, मग ते सिडेरोफोर नावाचे छोटे रेणू बाहेर सोडतात, हे रेणू लोहाला घट्ट पकडतात आणि बॅक्टेरिया लोहासकट त्यांना परत आत ओढून घेतो. ई. कोलायचं एन्टेरोबॅक्टिन यात एकदम दादा, ट्रान्सफेरिनकडचं लोहसुद्धा काढून घेतं. पण आपलं शरीरही काही कमी नाही, ते लिपोकॅलिन-२ नावाचं प्रोटीन सोडून एन्टेरोबॅक्टिनलाच पकडतं. यावर साल्मोनेलाने काय करावं, तर एन्टेरोबॅक्टिनला ग्लुकोज चिकटवलं, आता ते लिपोकॅलिनच्या खाचेत बसतच नाही! मला तर या सगळ्या भानगडीत हाच डाव सगळ्यात भारी वाटतो.

बाकीच्यांच्या तऱ्हा वेगळ्या. स्टॅफिलोकॉकस ऑरियस सरळ लाल पेशी फोडतो आणि हिमोग्लोबिनमधून लोह काढतो. गोनोरियाचा बॅक्टेरिया ट्रान्सफेरिनलाच जाऊन चिकटतो, तेही फक्त माणसाच्याच. आणि लाइम आजाराच्या बॅक्टेरियाने तर लोहाचा नादच सोडलाय, तो मँगनीजवर भागवतो.

ही लोहाची हाव औषधवाल्यांनी बरोबर हेरली. सेफिडेरोकॉल हे अँटिबायोटिक, अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झालेलं, सिडेरोफोरसारखं लोह धरतं, म्हणून बॅक्टेरिया ते स्वतःच आत घेतो आणि मरतो. अर्थात काही बॅक्टेरियांमध्ये ते आत घेणाऱ्या रिसेप्टरच्या जीनमध्येच बिघाड झालेला सापडलाय, आणि त्यांच्यावर हे औषध कमी चालतं.