पार्श्वभूमी: लेबलवरचा करंट आणि मीटरवरचा करंट

आजच्या ५४० वॅटच्या सौर पॅनेलमागे करंटचे दोन आकडे छापलेले असतात: शॉर्ट सर्किट करंट (दोन्ही वायरी थेट जोडल्यावर वाहणारा) साधारण १३.९ अँपिअर, मॅक्स पॉवर करंट (पॅनेल सर्वाधिक वीज देत असतानाचा) साधारण १३. छतावर मीटर लावला की बहुतेक वेळा दोन्हींपैकी एकही येत नाही, आणि पॅनेल खराब असल्याचा संशय सुरू होतो.

या फरकाचं मूळ कारखान्यातल्या चाचणीच्या अटींत आहे. सिलिकॉन सेल १९५४ साली आला आणि १९५८ मध्ये उपग्रहावर गेला. अंतराळातल्या सेलसाठी वातावरणाबाहेरचं ऊन आणि २८ अंश तापमान धरत. जमिनीवरच्या पॅनेलसाठी पुढे वेगळी अट रुळली: दर चौरस मीटरला १००० वॅट ऊन, एअर मास १.५ (म्हणजे ऊन डोक्यावरच्या सूर्याच्या दीडपट हवेतून आलेलं), सेल २५ अंशांवर. कारखान्यात दिव्याच्या क्षणभराच्या झोतात, सेल तापायच्या आत मोजणी उरकते, म्हणून २५ सोयीचं. आपल्याकडे भर दुपारी सेल ५५-६५ अंशांवर असतो. ८०० वॅट उनाचा, तापलेल्या सेलचा तक्ता नंतर आला, पण तो डेटाशीटमध्येच राहिला. खरं तर तो लेबलवर हवा होता.

मात्र तापमानाच्या या फरकात करंटवर नाहक आळ येतो. 'पॅनेल तापलं म्हणून करंट पडला' हे चूक आहे. तापल्यावर पडतं ते व्होल्टेज. करंट उलट दर अंशाला ०.०५ टक्क्याच्या आसपास वाढतो. करंट ठरतो उनावर. ऊन ८२० वॅट असेल तर १३.९ × ०.८२ = ११.४, आणि सेल ६० अंशांवर धरला तर ११.६. शॉर्ट सर्किट करंट ११.५ आला तर करंटपुरतं पॅनेल ठणठणीत आहे. ऊन मोजणारं यंत्र पॅनेलच्याच उतारावर टेकवायचं. जमिनीला समांतर धरलं की सगळा हिशेब बिघडतो.

७५ वॅटच्या जुन्या पॅनेलचा करंट ५ अँपिअरच्या आत असे, त्यामुळे मल्टिमीटरच्या १० अँपिअर रेंजवर थेट शॉर्ट करून मोजणं चालून जाई. आज तसं केलं तर मीटरचा फ्यूज उडू शकतो, आणि चालू करंटवर प्रोब उचलला तर डीसीची ठिणगी लांबते, हात भाजतो. म्हणून या कामात क्लॅम्प मीटर आला, म्हणजे वायर न तोडता तिच्याभोवती चिमटा लावून करंट मोजणारा मीटर. स्वस्तातला फक्त एसीचा क्लॅम्प इथे शून्य दाखवतो, कारण त्याला बदलता करंट लागतो. डीसीला हॉल इफेक्टचा, म्हणजे स्थिर चुंबकक्षेत्रही ओळखणारा क्लॅम्प हवा: वायरीजवळ नेऊन आधी झीरो करायचा, मग एकच वायर आत घ्यायची. दोन्ही घेतल्या तर करंट उलटसुलट दिशेने वाहतो आणि बेरीज शून्य. इन्व्हर्टर चालू असताना आलेला आकडा मॅक्स पॉवर करंटशीच ताडायचा, तोही उनाच्या प्रमाणात. बॅटरी भरत आली असेल तर चार्जरच करंट आवळतो, आणि तो कमी आकडा पॅनेलचा दोष नसतो.