पट्टाविरहित रक्तदाबमापक : कसोटीच्या पद्धती

दंडाला पट्टा न बांधता, मनगटावरचे घड्याळ, बोटातली अंगठी किंवा त्वचेला चिकटवलेली पट्टी यांतील संवेदकांनी रक्तदाब सतत मोजण्याचा दावा करणारी उपकरणे किती विश्वासार्ह आहेत, हे तपासण्याच्या पद्धती. उपकरणे बाजारात आधी आली आणि त्यांना साजेशी कसोटी नंतर तयार झाली. त्यामुळे स्वस्त घड्याळांवर दिसणारा बीपीचा आकडा बहुधा कोणत्याही कठोर चाचणीतून गेलेला नसतो.

अशा उपकरणांची गरज मात्र खरी आहे. रक्तदाब दिवसभर हलत असतो. काहींचा डॉक्टरांसमोर चढतो, तर काहींचा दवाखान्यात नेमका नॉर्मल येतो आणि घरी चढलेला असतो. झोपेत तो साधारणपणे 10 ते 20 टक्के उतरतो. ज्यांचा उतरत नाही त्यांना हृदयविकार व पक्षाघाताचा धोका अधिक. हे सारे टिपण्यासाठी 24 तास पट्टा बांधून ठेवतात, पण तो ठरावीक वेळाने फुगतो आणि रात्री झोपमोड करतो.

इटलीच्या शिपिओने रिव्हा-रोच्ची यांनी 1896 मध्ये फुगवता येणारा पट्टा वापरात आणला आणि रशियाच्या निकोलाय कोरोत्कोव्ह यांनी 1905 मध्ये स्टेथोस्कोपने ऐकू येणाऱ्या आवाजांची त्याला जोड दिली. या पद्धतीत रोहिणी बंद करायला बाहेरून किती दाब लागतो ते पाहतात. म्हणजे दाबाची तुलना दाबाशीच होते. घड्याळ असे काही दाबत नाही. त्यातला प्रकाश त्वचेखालच्या रक्ताचे चढउतार टिपतो. त्या लाटेच्या आकारावरून, किंवा हृदयाचा विद्युत ठोका आणि बोटापर्यंत पोचलेली नाडी यांच्यामधल्या वेळेवरून, दाबाचा अंदाज बांधला जातो. यामागचे भौतिकशास्त्र जुने आणि पक्के आहे. दाब वाढला की रोहिणीची भिंत ताठ होते आणि नाडीतरंग वेगाने धावतो. भिंतीचा ताठरपणा आणि तरंगाचा वेग यांचे समीकरण 1878 पासून मुन्स व कोर्टेवेख या डच शास्त्रज्ञांच्या नावाने ओळखले जाते. पण ताठरपणा वयानेही बदलतो, थंडीने किंवा औषधाने रोहिणीचे स्नायू आकसले-सैलावले तरी बदलतो. शिवाय विद्युत ठोका पडल्यापासून रक्त प्रत्यक्ष बाहेर फेकले जाईपर्यंतचा क्षणही त्या वेळेत मिसळतो.

म्हणून बहुतेक उपकरणांना सुरुवातीला दंडाच्या पट्ट्याने मोजलेला आकडा पुरवावा लागतो. यालाच कॅलिब्रेशन म्हणतात. सॅमसंगच्या घड्याळात ते दर 28 दिवसांनी करायचे असते. कसोटीचा सगळा पेच इथेच आहे. पट्ट्याच्या यंत्रांसाठीचे आंतरराष्ट्रीय मानक (आयएसओ 81060-2) किमान 85 व्यक्तींवर चाचणी मागते. खात्रीच्या मोजमापापासूनचा सरासरी फरक 5 आणि प्रमाण विचलन (म्हणजे फरकांचा विखुरलेपणा) 8 मिलिमीटर पारा यांच्या आत असावे लागते. कॅलिब्रेशन केलेल्या घड्याळाला ही परीक्षा लावली, तर शांत बसलेल्या माणसाचा मघाचाच आकडा थोडा हलवून दाखवला तरी ते पास होऊ शकते. गोणीचे वजन आधी काट्याला सांगून मग गोणी ठेवली, तर काटा खरा की खोटा हे कसे कळणार? पट्टाविरहित उपकरणाने दाब बदलल्यावर तो बदल ओळखला का, हाच विचारण्याजोगा प्रश्न आहे.

युरोपियन उच्चरक्तदाब संस्थेने 2023 मध्ये याच विचाराने सहा चाचण्या सुचवल्या : स्थिर अवस्था, उपकरणाची जागा, औषधोपचार, जाग व झोप, व्यायाम आणि पुनःकॅलिब्रेशन. जागेची चाचणी दिसायला साधी, पण महत्त्वाची आहे. हात हृदयाच्या पातळीपेक्षा 10 सेंटिमीटर खाली गेला की मनगटातला दाब सुमारे 8 मिलिमीटर पाऱ्याने वाढतो. हृदयाजवळचा दाब मात्र पूर्वीइतकाच राहतो.

व्यायामाची चाचणी फसवी ठरू शकते. धावताना नाडी आणि दाब दोन्ही चढतात, त्यामुळे नुसती नाडी मोजणारे यंत्रही दाब 'ओळखते' असे वाटते. औषधाची चाचणी जास्त कडक आहे. अ‍ॅम्लोडिपिनसारख्या गोळीने रक्तवाहिन्या सैलावून दाब उतरतो, पण नाडी मंदावेलच असे नाही. इथे नाडीच्या आधाराने अंदाज बांधणारे यंत्र उघडे पडते. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून किंवा मूठ आवळून दाब चढवण्याचे प्रयोगही याच हेतूने करतात. झोपेच्या चाचणीत वेगळी पळवाट असते : हालचालीवरून माणूस झोपला आहे हे घड्याळाला कळते आणि सर्वसाधारण उतार ते स्वतःहून दाखवू शकते. ज्याचा दाब रात्री उतरत नाही, अशाच माणसाला त्यामुळे खोटा दिलासा मिळेल.

तुलना कशाशी करायची, हाही प्रश्न आहे. रोहिणीत नळी घालून घेतलेले मोजमाप सर्वांत खात्रीचे, पण ते अतिदक्षता विभागात आणि शस्त्रक्रियेतच शक्य असते. झेक शास्त्रज्ञ यान पेन्याझ यांनी 1973 मध्ये मांडलेल्या तत्त्वावर बोटाला छोटा पट्टा लावून ठोक्याठोक्याला दाब मिळतो. प्रयोगशाळेत तो सोयीचा, दिवसभर वागवायला नाही.

संगणकाला नोंदींवरून दाब ओळखायला शिकवणाऱ्या अभ्यासांत एक दोष वारंवार दिसतो. एकाच रुग्णाच्या नोंदी शिकवण्याच्या आणि परीक्षेच्या अशा दोन्ही संचांत आल्या, की प्रणाली दाब नव्हे, माणूस ओळखते आणि निकाल देखणा दिसतो. मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या ऑरोरा प्रकल्पाने 1,125 व्यक्तींच्या नोंदी घेतल्या. कॅलिब्रेशन आणि साधी माहिती एवढ्यावर बांधलेल्या अंदाजापेक्षा संवेदकांच्या लाटांनी फारशी भर घातली नाही, असा त्याचा निष्कर्ष होता. मोठ्या कंपनीने स्वतःच्या प्रयत्नाचा असा निकाल उघड मांडला, हे या क्षेत्राच्या फार उपयोगी पडले. गडद त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य घड्याळातला हिरवा प्रकाश अधिक शोषते. म्हणून चाचणीत सर्व वर्णांची माणसे असणे भारतासारख्या देशासाठी अत्यावश्यक आहे.

नव्या संवेदकांत सॅन डिएगो येथील कॅलिफोर्निया विद्यापीठाची 2018 मधील अल्ट्रासाउंड पट्टी लक्षणीय आहे. ती खोलवरच्या रोहिणीचा बदलता व्यास टिपते. युरोपियन हृदयरोग संस्थेच्या 2024 च्या आणि अमेरिकेच्या 2025 च्या मार्गदर्शक सूचना निदान व उपचारासाठी पट्टाविरहित उपकरणांची शिफारस करत नाहीत. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुलै 2025 मध्ये मनगटावरचे उपकरण बनवणाऱ्या व्हूप कंपनीला परवानगीविना रक्तदाबाची सोय दिल्याबद्दल ताकीदपत्र पाठवले. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अ‍ॅपलच्या घड्याळातल्या, उच्चरक्तदाबाची शंका कळवणाऱ्या सोयीला मंजुरी मिळाली, पण ते घड्याळ दाबाचा आकडा दाखवत नाही. 30 दिवसांच्या नोंदींवरून शंका आली तर पट्ट्याच्या यंत्राने सात दिवस दाब मोजून डॉक्टरांना दाखवायला सांगते.