शिकागो फायरमधला ट्रक ८१ आणि इंजिन ५१, फरक नक्की काय?

शिकागो फायर ही शिकागोच्या अग्निशमन दलावरची अमेरिकन सिरीयल बघणाऱ्या बऱ्याच जणांना अजूनही वाटतं की ट्रक ८१ आणि इंजिन ५१ म्हणजे सारखीच कामं करणाऱ्या दोन लाल गाड्या. अजिबात नाही हो! आणि हा फरक एकदा कळला ना की आगीचा प्रत्येक सीन वेगळाच दिसायला लागतो.

इंजिन म्हणजे पाणी. पंप, होज (पाणी मारायचा जाड पाइप) आणि पोटात टाकी. अमेरिकेत अशा गाडीची टाकी साधारण ५०० गॅलनची असते, म्हणजे १९०० लिटरच्या आसपास. ऐकायला भरपूर वाटतं पण एकच होज मिनिटाला दीडशे गॅलन फेकत असेल तर तीन-साडेतीन मिनिटांत खेळ खल्लास, म्हणून पोचल्या पोचल्या इंजिनवाल्यांची रस्त्यावरच्या हायड्रंटला, म्हणजे आगीसाठी ठेवलेल्या पाण्याच्या नळाला, जोडून घ्यायची धावपळ चालू असते.

ट्रकवर मात्र सहसा पाणीच नसतं. शिड्या, करवती, कुऱ्हाडी, आणि ती हॅलिगन नावाची लोखंडी पहार, जी १९४० च्या दशकात न्यूयॉर्क फायर डिपार्टमेंटच्या ह्यू हॅलिगनने बनवली. एक जण तिचं दुबेळकं टोक दार आणि चौकटीच्या फटीत धरतो, दुसरा कुऱ्हाडीच्या मागच्या बाजूने ठोकतो आणि मग दोघं मिळून दार उचकटतात. सिरीयलच्या सुरुवातीच्या सीझन्समधली, ट्रक ८१ चा प्रमुख असलेल्या केसीची टीम म्हणजे ही मंडळी. दार तोडा, खोली खोली चाचपत माणसं शोधा, छतावर चढून भोक पाडा.

हे छताचं भोक का, ते नीट बघा. आत कोंडलेला गरम धूर वरून बाहेर पडला की खालच्यांना दिसायला लागतं आणि होजवाले आगीपर्यंत पोचू शकतात. पण आत पाणी तयार नसताना भोक पाडलं तर ताजी हवा मिळून आग आणखी भडकते. म्हणून रेडिओवर सतत विचारणा चालू असते, होज कुठवर आली, छत उघडू का. ट्रक आणि इंजिन एकमेकांवर किती अवलंबून आहेत ते इथे कळतं, अर्ध्या मिनिटाची चूक पण आतल्यांच्या जिवावर बेतू शकते.

(सिरीयलमधल्या लेफ्टनंट सेव्हराइडचं स्क्वॉड ३, म्हणजे खास बचाव पथक, हे तिसरंच प्रकरण, अपघातात चेपलेल्या गाड्या, पडलेल्या इमारती वगैरे अवघड रेस्क्यू.)

गोंधळ होण्यात सिरीयलचाही हात आहे. २०१२ पासून कॅमेरा जास्त करून ट्रक आणि स्क्वॉडवरच, आणि सुरुवातीच्या सीझन्समध्ये इंजिन ५१ वरचे लोक बॅकग्राउंडलाच, त्यामुळे बघणाऱ्याला वाटतं आग केसीच विझवतो. मला हा इंजिनवाल्यांवर सरळ सरळ अन्याय वाटतो, कारण धुरात गुडघ्यांवर रांगत, पाण्याने जड झालेली होज ओढत आगीच्या तोंडाशी जाणारे तेच असतात. पुढे ट्रक ८१ वरचा हर्मन लेफ्टनंट होऊन इंजिन ५१ वर गेला तेव्हा कुठे त्या गाडीला ओळखीचा चेहरा मिळाला.