सदाफुलीचा काढा आणि सदाफुलीपासून झालेले औषध

ठाण्यात नौपाड्याच्या आमच्या इमारतीत कोणाला कर्करोग झाल्याचे कळले की चार दिवसांत कोणीतरी सदाफुलीची पाने घेऊन दारात उभे राहते. त्यामागचा जिव्हाळा खरा असतो आणि ‘केमोचे औषध यापासूनच बनते’ हे सोबतचे वाक्यही खरे असते. घोटाळा होतो तो ‘पासून’ या शब्दात.

सदाफुली कोणी पाहिली नाही असे नाही. गुलाबी औषधी की पांढरी, या वादात मी शिरत नाही, कारण दोन्ही एकाच जातीच्या आहेत.

१९५० च्या दशकात कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर हे संशोधक या पानांचा मधुमेहावर उपयोग होतो का, ते तपासत होते. उंदरांची साखर उतरली नाही, पण रक्तातल्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि त्या धाग्यावरून व्हिन्ब्लास्टिन हे कर्करोगावरचे औषध हाती लागले. त्यानंतर आलेले व्हिन्क्रिस्टिन आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात वापरले जाते. एक ग्रॅम व्हिन्ब्लास्टिनसाठी सुमारे ५०० किलो वाळलेली पाने लागतात आणि व्हिन्क्रिस्टिन तर त्याहूनही दुर्मीळ आहे. त्याची मात्रा रुग्णाच्या शरीराच्या क्षेत्रफळावरून मिलिग्रॅममध्ये ठरते, मोठ्या माणसालाही एका वेळी बहुधा दोन मिलिग्रॅमपेक्षा जास्त देत नाहीत, आणि ते फक्त शिरेतूनच द्यायचे असते. या दोन रेणूंत फरक आहे तो एका मेथिल गटाच्या जागी फॉर्मिल गट असण्याचा, म्हणजे अणूंच्या एका छोट्या समूहाचा, पण तेवढ्याने व्हिन्ब्लास्टिनचा मुख्य त्रास पांढऱ्या पेशींना होतो आणि व्हिन्क्रिस्टिनचा मज्जातंतूंना.

आता पातेल्यातला काढा पाहा. पाच-सात पाने, दोन पेले पाणी, ते निम्मे होईपर्यंत उकळायचे. त्यात हे रेणू कर्करोगाला रोखण्याइतके उतरत नाहीत, मात्र सदाफुलीत शंभराहून अधिक अल्कलॉइड, म्हणजे वनस्पतीत तयार होणारी तीव्र परिणामाची रसायने, असतात, आणि त्यांतले कोणते किती उतरले हे उकळणाऱ्याला कळण्याची सोय नसते. ‘झाडपाला आहे, अपाय काय करणार?’ या वाक्याची मला मनस्वी चीड आहे, कारण हे झाड केमोच्या कामाला आले तेच मुळी विषारी असल्यामुळे.

सह्याद्रीतल्या नरक्या या झाडाचीही हीच कथा आहे. त्यातले कॅम्प्टोथेसिन हे रसायन कर्करोगाच्या रुग्णांना देऊन पाहिले तेव्हा विषबाधेमुळे चाचण्या थांबवाव्या लागल्या. रेणूत बदल करून घडवलेली टोपोटेकन आणि इरिनोटेकन ही औषधे पुढे वापरात आली. नरक्याची साल उगाळून देणाऱ्याला हा मधला प्रवास ठाऊक नसतो.

केमोसाठी खारघरला जाणाऱ्या आमच्या शेजारच्या काकूंना मी काढा सोडायलाच सांगितले. आधी किती दिवस आणि किती घेतला, तेही गोळ्यांच्या वहीत लिहायला लावले, म्हणजे पुढच्या खेपेला डॉक्टर रक्ताच्या तपासणीचे आकडे पाहतील तेव्हा ते पान त्यांच्यासमोर असेल.