विजयदुर्ग (घेरिया)

विजयदुर्ग हा सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या देवगड तालुक्यातला किल्ला, वाघोटन खाडी समुद्राला मिळते तिथे अगदी तोंडावरच. जुनं नाव घेरिया. शिलाहार राजा दुसरा भोज याने 12व्या शतकाच्या अखेरीस तो बांधला असं मानतात, पुढे शिवाजी महाराजांनी आदिलशाहीकडून घेतला आणि विजयदुर्ग नाव दिलं. तिहेरी तटबंदी ही याची मोठी ओळख.

पण नुसता तट बघून हा किल्ला कळत नाही, बंदरासकट बघावा लागतो. खाडी आत वळत जाते, त्यामुळे पावसाळ्यात दर्या खवळला तरी गुराबा-गलबतं आत सेफ राहायची, वर खारेपाटणपर्यंत व्यापार चालायचा आणि आत शिरणाऱ्याला किल्ल्याच्या तोफांसमोरूनच जावं लागायचं. गिर्ये गावाजवळ खाडीकाठी खडक खोदून केलेली आंग्र्यांची गोदी आहे, बरेच पर्यटक ती न बघताच परत जातात, आरमार दुरुस्त कुठे व्हायचं ते खरं तिथे समजतं.

कान्होजी आंग्र्यांच्या काळात इंग्रजांनी 1717 आणि 1720 ला हल्ले केले, 1724 ला डच आले, कोणालाच किल्ला घेता आला नाही. पडला तो 1756 च्या फेब्रुवारीत, आणि त्याला कारण आपलंच भांडण. कान्होजींचा मुलगा तुळाजी आंग्रे याला मोडायला पेशव्यांनी इंग्रजांशी हात मिळवला, इंग्रज अ‍ॅडमिरल वॉटसनची जहाजं खाडीत शिरली, सोबत क्लाइव्हची फौज. आंग्र्यांचं आरमार किल्ल्याच्या आडोशाला दाटीवाटीने उभं होतं, त्यातल्या ‘रिस्टोरेशन’ नावाच्या जहाजावर, जे आंग्र्यांनी आधी ईस्ट इंडिया कंपनीचंच पकडून आणलेलं होतं, गोळा पडून आग लागली आणि एकाची दुसऱ्याला लागत सगळं आरमार बंदरातच जळालं. पेशव्यांची ही फार मोठी चूक होती, कारण कोकण किनाऱ्यावर इंग्रजांना खरा धाक त्या जहाजांचाच होता.

त्याच वर्षी बाणकोटच्या बदल्यात किल्ला पेशव्यांना परत मिळाला, मग पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांनी इथून आरमार सांभाळलं, 1818 ला तो कायमचा इंग्रजांकडे गेला.

हेलियमचा शोध 1868 च्या सूर्यग्रहणात इंग्रज खगोलशास्त्रज्ञ लॉकियर यांनी याच किल्ल्यावरून लावला असं सगळीकडे फॉरवर्ड होतं, ते बरोबर नाही. त्या ग्रहणाच्या वेळी ते इंग्लंडमध्येच होते, विजयदुर्गला आले ते 22 जानेवारी 1898 च्या सूर्यग्रहणाला. किल्ल्यावर ‘साहेबाचे कट्टे’ दाखवतात ते दुर्बिणींसाठीचे. 2025 मध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून घेतलेल्या मराठ्यांच्या 12 किल्ल्यांत विजयदुर्ग आहे.